गौरवग्रंथातून गाळलेलं

११ फेब्रुवारी

वार्लाम,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नसशील, तर पुढचं वाच.

पत्ता तुझ्या बहिणीकडून, झुझुनाकडून घेतला. ती द्यायला तयार नव्हती. दारातच उभं ठेवलं मला. म्हणाली, "सव्वीस वर्षांनी आठवण झाली? का, अजून काही काढून घ्यायचं राहिलंय त्याच्याकडून?" मी म्हटलं, दोन-चार तारखा विचारायच्यात. तिनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर तुझा सालोनिका शहरातला पत्ता खरडला आणि माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. मी वाकून उचलला.

काम असं आहे. मे महिन्यात आपल्या खोऱ्याच्या ज्यूदो संघाला पन्नास वर्षं होतात. ओतारीला गौरवग्रंथ काढायचाय. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, संघाचा इतिहास आणि संघाची मूल्यं. लिहायचा मी, कारण सचिव मी. अजूनही मीच. अध्यक्ष ओतारी, अजूनही तोच. त्याचा मेराब आता मुलींचा प्रशिक्षक आहे. मान बापासारखीच, म्हणजे नाहीच.

पहिलं प्रकरण सोपं गेलं. चौऱ्याहत्तर साल, रेशीम गिरणीचं जुनं गोदाम, आपला पहिला मास्तर म्हातारा पोर्फिले आणि आपण अकरा पोरं. लाकडी चौकटीत आपण भुसा भरला, पायांनी तुडवून तुडवून दाबला आणि वर ताडपत्री ताणली. मी पडलो की भुशात रुतायचो, तू पडलास की उसळायचास. जोडीदाराला इजा करणाऱ्याला पोर्फिले आठवडाभर त्याचं दप्तर वाहायला लावायचा. मी तुझं दोनदा वाहिलं. मूल्यं हा शब्द म्हाताऱ्यानं उभ्या आयुष्यात उच्चारला नाही.

मला विचारायचंय ते इतकंच: ती ताडपत्री आणली कुणी आणि कुठून? ओतारी म्हणतो त्यानं आणली. ओतारी तेव्हा सैन्यात होता.

अजून एक सांगतो, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळेल. शहाण्णव सालचा मुलींच्या संघाचा फोटो ग्रंथात घेतलाय. तू मागे उभा होतास, तिथे आता झेंडा आहे. मेराबनं संगणकावर बसून केलं. पण पुढे उभ्या असलेल्या लमाराच्या खांद्यावर एक हात राहिलाय, आणि त्या हाताला माणूस नाही. मी दाखवून दिलं तर मेराब म्हणाला, "अंब्रोसीकाका, कोण बघतंय एवढं?"

जे झालं ते झालं. ताडपत्रीचं तेवढं कळव.

अंब्रोसी


३ मार्च

वार्लाम,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल ओतारीकडे जेवायला होतो. 'मूल्यं' हे प्रकरण तो सांगणार आणि मी लिहून घेणार, असं ठरलं होतं. टेबलावर अक्रोड भरलेली वांगी, गरम, चीज भरलेली खाचापुरी, लालभडक वाइन, आणि टेबलाच्या टोकाला तो. शुभेच्छांचे पेले उचलायचा मान स्वतःच स्वतःला दिलेला. पहिला पेला देशाला, दुसरा गेलेल्यांना, तिसरा पोर्फिलेला. पोर्फिलेचं नाव घेताना त्यानं डोळे पुसले. म्हातारा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता तेव्हा हा एकदाही गेला नाही. तू जायचास. त्याची दाढी करायचास.

मग म्हणाला, "घे लिहून. सगळ्यात पहिलं, धैर्य."

"परवा तुम्ही प्रामाणिकपणा म्हणाला होतात."

"प्रामाणिकपणा आत घे कुठेतरी. वर धैर्य शोभतं. आणि आदर मोठ्या अक्षरात. हल्लीच्या पोरींमध्ये आदर उरलेला नाही. मेराबला उलट बोलतात."

"काय बोलतात?"

"तहान लागली म्हणतात." आणि तो हसला. मेराब हसला. खाचापुरीचं ताट फिरवत त्याची सूनसुद्धा हसली. मग ओतारी उभा राहिला, पेला उचलला आणि म्हणाला, "आपल्या संघाच्या स्वच्छ नावाला!" आणि मीही उभा राहिलो. पेला रिकामा केला, शिष्टाचाराप्रमाणे उलटा करून दाखवला, एक थेंब शिल्लक नाही. घरी येऊन ओकलो. बायको, मारो, म्हणाली, वांगी बाधली असतील.

बाधलं काय ते मला ठाऊक आहे. अठ्ठ्याण्णव साली तुला बडतर्फ करायचं पत्र मी टाइप केलं होतं. 'प्रशिक्षक वार्लाम यांनी संघाच्या सूचना धुडकावून अल्पवयीन खेळाडूला वजन उतरवण्यासाठी गंधकाच्या गरम झऱ्यांवरील हमामात नेले, त्यामुळे ती बेशुद्ध पडली.' तू त्या दुपारी स्टेशनवर होतास, पाहुण्या संघाला उतरवून घ्यायला. तुला ओतारीनंच पाठवलं होतं. हे समितीतल्या पाचही जणांना माहीत होतं. मतदानाला हात वर गेले, एक, दोन, तीन, चार. माझा शेवटचा. चार पुरेसे होते, वार्लाम. माझ्या हाताची गरजसुद्धा नव्हती.

अंब्रोसी


२९ मार्च

वार्लाम,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी: 'ताडपत्री रेल्वेच्या मालधक्क्यावरून मी आणि माझ्या बापानं आणली. बाकीचं लमाराला विचार.' नमस्कार नाही, सही नाही. तरी मी ते कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरतोय.

लमाराकडे गेलो. त्याच गावात राहतो आम्ही, आणि इतकी वर्षं मी बाजाराला जाताना वळसा घालून जायचो. आता चाळिशीची आहे. बियाण्यांचं आणि कोंबडीच्या पिल्लांचं दुकान आहे तिचं, पुलाच्या अलीकडे. मी शिरलो तेव्हा ती खोक्यातली पिल्लं मोजून एका बाईला देत होती. मला बघितलं, आकडा चुकली, परत पहिल्यापासून मोजली. बाई गेल्यावर म्हणाली, "मक्याचं बी संपलंय."

"मी बियाण्याला नाही आलो, लमारा."

"मग मास्तर, पिल्लं? पिवळी आहेत, ठिपक्यांची आहेत."

मी गौरवग्रंथाचं सांगितलं. खरं काय झालं त्याचं एक पान त्यात घालीन म्हटलं, तिच्या नावानिशी. फार मोठं काही देतोय असा माझा आव होता, हे आता लिहिताना दिसतंय. तिनं ऐकून घेतलं. गल्ल्यावर पाण्याची एक बाटली होती, बाहेरून रेघा मारलेली. एक मूत्रपिंड तेव्हाच गेलं, दुसरं अर्धंच चालतं. दिवसभरात किती प्यायचं ते डॉक्टरनं रेघांनी बांधून दिलंय. चौदा वर्षांची असताना आम्ही तिला पाणी दिलं नाही, आणि आता तिला हवं तेवढं पिता येत नाही.

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी परत उघडी पडू?" ती म्हणाली. "कपाटात चषकांच्या शेजारी ते पुस्तक ठेवणार, आणि लोक पान उघडून म्हणणार, ही बघ ती, दुकानवाली. नको मला. तुम्हाला खरं बोलायचंय ना? मग इथे बोला. माझ्यासमोर. त्या दिवशी दाराला कडी कोणी लावली होती?"

पिल्लं नुसती किलबिलत होती. मला वाटलं कुणी गिऱ्हाईक यावं. आलं नाही.

वार्लाम, हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, मारोलाही नाही. ओतारीनं तिला हमामात बसवलं, स्वेटरवर स्वेटर घालून, वर पावसाळी प्लॅस्टिकचा कोट. त्यानं मला दार धरायला सांगितलं. मीच बाहेरून कडी लावली. तिनं आतून थाप मारली. ओतारी म्हणाला, "अजून पाच मिनिटं." मी घड्याळ बघितलं. परत थाप आली. मी घड्याळच बघत राहिलो. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, मी शिस्तीचा माणूस. मग थाप थांबली. मला बरं वाटलं, की पोरगी समजूतदार आहे.

मी हे तिला सांगितलं. तोंडानं, दुकानात उभा राहून. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुमचा खोकला ऐकू येत होता." तिनं पिल्लांचं खोकं फळीखाली सरकवलं. म्हणाली, "रविवारी सकाळी मैदानाकडे जाऊन या. प्लॅस्टिकच्या कोटात कोण धावतंय बघा. माझ्या शेजाऱ्यांची एलेने आहे. तेरा वर्षांची. आणि परत इथे येऊ नका, काही केल्याशिवाय."

अंब्रोसी


२२ एप्रिल

वार्लाम,

काल वर्धापनदिनानिमित्त ठेवलेली कुमारी गटाची स्पर्धा झाली. वजनाच्या नोंदी माझ्याकडे, काट्यावर नर्स नार्गिझा. मुली रांगेत. भिंतीवर मूल्यांचा नवा फलक, धैर्य सर्वांत वर.

एलेनेला मी त्या रविवारी बघितलं होतं. मैदानाला फेऱ्या मारत होती, कोटाच्या बाहीतून घाम ठिबकत होता. मी मेराबला बोललो, तो म्हणाला, "पोरगी स्वतः म्हणते म्हणून करतो, विचारा तिला." मी ओतारीकडे गेलो. तो म्हणाला, "अंब्रोसी, म्हातारा झालास. ऊन लागतंय तुला." मग मी काय केलं? घरी गेलो. तीन आठवडे काहीच केलं नाही. हेही लिहून ठेवतो.

काल ती रांगेत आली तेव्हा ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. हातात रिकामी बाटली, आणि दर मिनिटाला तीत थुंकत होती. थुंकीसुद्धा वजनातून जावी म्हणून. थुंकीही येत नव्हती, नुसता कोरडा आवाज. मी पेन खाली ठेवलं. नार्गिझा म्हणाली, "तुझी पीडा मला लागो, पोरी, काय दशा केलीस?" काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. वजनाची वेळ संपायला चाळीस मिनिटं होती.

मेराब म्हणाला, "गाडीत बस. काचा वर, हीटर चालू. वीस मिनिटांत उतरेल."

ती निघाली. पाय ओढत, पण निघाली. तिला कुणी ओढून नेलं नाही, वार्लाम. ते सगळ्यात वाईट. सहा-सात आया उभ्या होत्या, दोन पंच होते, सगळे बघत होते, आणि एक आई आपल्या मुलीला म्हणाली, "बघ, याला म्हणतात जिद्द."

मी उठलो. अंगणात गेलो. गाडीच्या काचांवर आतून वाफ धरली होती. मी दार उघडलं, हात घालून किल्ली काढली. मेराब धावत आला.

"काका, किल्ली द्या."

"देत नाही."

"तुम्हाला झालंय काय? तीनशे ग्रॅम आहे!"

"काटा मी वाचला. मी लिहिणार आहे. वजन जास्त, अपात्र. संपलं."

"अजून अर्धा तास आहे!"

"प्रकृतीच्या कारणावरून सचिव केव्हाही नाव काढू शकतो. नियम मीच टाइप केलाय, मला पाठ आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टायपिंगचा उपयोग झाला.

त्यानं माझी कॉलर धरली. त्रेसष्टाव्या वर्षी, अंगणात, आयांसमोर. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. मला नुसता त्याच्या अत्तराचा वास आला आणि शिसारी आली.

मी एलेनेला पाण्याची बाटली दिली. ती घेईना. "मास्तर, नको. मी तीन दिवस काही खाल्लं नाहीये. फुकट जाईल सगळं." मी म्हटलं, "नाव काढलंय पोरी. आता फुकट जायला काही उरलेलं नाही. पी." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात विसरणार नाही. मग बाटली हिसकावली आणि एका दमात प्यायली, रडत, ठसकत. नार्गिझा तिची पाठ चोळत होती. बाटली रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "मी जिंकणार होते. तुम्हाला मी कधीच माफ करणार नाही." आणि बाटली माझ्या अंगावर फेकली.

तू हे वाचून म्हणशील, बरं केलंस. म्हणू नकोस. सव्वीस वर्षांपूर्वीचं काम होतं ते.

अंब्रोसी


६ मे

वार्लाम,

काल समिती बसली. विषय एकच: सचिवांचं गैरवर्तन. चालू असलेल्या सभेचं इतिवृत्त सचिवच लिहितो, म्हणजे माझ्याच हकालपट्टीचं मी लिहायचं. ओतारीला ते गमतीचं वाटलं. "लिही रे नीट. तुझं अक्षर चांगलं आहे."

पाच जण. दोघं जुने, दोघं मेराबचे मित्र, आणि ओतारी. त्यानं वाचलं: संघाची बदनामी, प्रशिक्षकाचा अवमान, एका गुणी खेळाडूचं नुकसान. मी एकेक शब्द लिहून घेतला. मग तो म्हणाला, "सचिवांना काही म्हणायचंय?"

"हो. अठ्ठ्याण्णव सालाबद्दल."

जुन्यांपैकी वाखो टेबलाकडे बघू लागला. ओतारी म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध?"

मी उभा राहून सांगितलं. मुलीचं वजन, हमाम, कोट, कडी, घड्याळ. स्टेशनवर असलेला तू. माझं टाइप केलेलं पत्र. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं हे बोलायला तासभर लागेल.

मेराबचा एक मित्र चाचरत म्हणाला, "हे लिहायचं का?"

"अजिबात नाही," ओतारी म्हणाला. "हे लिहायचं नाही."

मी बसलो आणि लिहू लागलो.

"अंब्रोसी, मी काय म्हणालो?"

"ऐकलं. तेही लिहिलंय. 'अध्यक्ष म्हणाले, हे लिहायचे नाही.'"

"दारात तू होतास! कडी तुझ्या हातात होती! तुझंच नाव जाईल, गाढवा!"

"तेच लिहितोय. थांबा जरा, घाईत अक्षर बिघडतं."

तो उठला, पण टेबलाला वळसा घालून येईपर्यंत माझी सही झाली होती. लमाराचं नाव मी घातलं नाही, 'एक चौदा वर्षांची खेळाडू' एवढंच. वहीच्या पानांना क्रमांक आहेत, दोरा ओवून लाखेची मोहोर केलेली आहे. पान फाडलं तर दिसेल. मग मतदान झालं. चार हात वर गेले. वाखोचा गेला नाही. तो म्हणाला, "मला पाठदुखी आहे," आणि हात मांडीवरच ठेवला. त्यालाही मी नोंदवलं: एक तटस्थ.

वही ओतारीनं कपाटात टाकून कुलूप लावलं. त्याआधी मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला होता. गौरवग्रंथ मेराब पुरा करणार आहे. ताडपत्री त्यात ओतारीनंच आणलेली असेल.

बाहेर पडताना मला मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पोर्फिलेच्या त्या गोदामात आता गाड्या धुतात. तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

अंब्रोसी


९ मे

वार्लाम,

वहीतल्या त्या पानाच्या फोटोची छापलेली प्रत घेऊन आज लमाराच्या दुकानात गेलो. 'काही केल्याशिवाय येऊ नका' म्हणाली होती. तिनं चष्मा लावला, दाण्यांचं पोतं बाजूला सारलं आणि गल्ल्यावर कागद पसरून वाचलं. सावकाश, बोट फिरवत. मी वाट बघत होतो. कशाची ते तुला कळेल. माणूस असाच असतो, घाणेरडा.

तिनं वर बघितलं. "चूक आहे."

"काय?"

"माझं वजन. तुम्ही लिहिलंय, मूळ वजन पंचेचाळीस. मी एकोणपन्नास होते, मास्तर."

माझ्या लक्षातच येईना. मग आलं. पंचेचाळीस हा आकडा त्या पत्रातला होता. चव्वेचाळीस किलोच्या गटात बसायला एकच किलो उतरवायचं होतं, संघाचा काही दोष नाही, हट्ट प्रशिक्षकाचा, असं दिसावं म्हणून ओतारीनं तो सुचवला आणि मी टाइप केला. पाच किलोचा एक किलो केला. आणि परवा खरं लिहायला बसलो तेव्हा हातातून तोच आकडा उतरला. सव्वीस वर्षांत मला तो खरा वाटू लागला होता. कडी आठवली, घड्याळ आठवलं, मोठ्या मनानं स्वतःला दोष दिला, आणि तेवढ्यातही त्या पोरीचं चार किलो वजन खाऊन टाकलं.

"नऊ दिवसांत पाच किलो," लमारा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "वार्लाममास्तर नको म्हणत होते. वजन न उतरवता वरच्या गटात खेळवा म्हणत होते. म्हणून तर त्यांना स्टेशनवर पाठवलं." तिनं कानामागची पेन्सिल काढली, आकड्यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, ४९. शेजारी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मी मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, वही आता कुलुपात आहे, मी सचिव राहिलो नाही, तिथे दुरुस्त करता येणार नाही.

"मग त्यांना पाठवा," ती म्हणाली. "तेवढं तरी बरोबर पोहोचू दे."

तिच्या हातची दुरुस्ती असलेली तीच प्रत सोबत ठेवतोय. उत्तर लिहायची गरज नाही.

ती एकोणपन्नास किलोंची होती, वार्लाम.

अंब्रोसी